पाठ टेकल्यावर

कुस्तीच्या आखाड्यांत ज्याची पाठ मातीस लागली तो हरला, इतकें आपणां मराठी माणसांस लहानपणापासून ठाऊक असतें. ब्राझिली जिउजित्सु ही विद्या मात्र कुस्ती जेथें संपते तेथें सुरू होते. पाठ जमिनीस टेकली म्हणजे पाय मोकळे झाले, असें ती मानते. त्या पायांनीं प्रतिपक्ष्यास कंबरेभोवतीं वेढून धरावें, दूर ठेवावें किंवा जवळ ओढावें, आणि संधि सांपडतांच उलथवून त्याच्यावर बसावें. या पवित्र्यास ‘गार्ड’ म्हणतात. गेलीं दोन वर्षें आठवड्यांतून तीन दिवस आम्ही ही विद्या शिकत आहों, व त्यांतील बराचसा काळ पाठीवरच गेला आहे. आमचें वय ५३.

हिचा उगम जपानांतला. जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं कोडोकान स्थापून ज्युडो शिकविण्यास आरंभ केला. त्यांच्या परंपरेंतील मित्सुयो माएदा हा मल्ल देशोदेशीं कुस्त्या करीत १९१४ सालीं ब्राझिलांत पोंचला व पुढें आमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम शहरीं स्थायिक झाला. तेथें कार्लोस ग्रेसी या तरुणानें त्याच्यापासून धडे घेऊन ते आपल्या भावांस दिले. त्यांतील धाकटा हेलिओ प्रकृतीनें नाजूक, म्हणून त्यानें बळाऐवजीं तरफेच्या युक्तीवर सर्व डाव नव्यानें बसविले, अशी त्या घराण्याची कथा आहे. कथा गोड आहे खरी. परंतु ज्युडोंत जमिनीवरचे पेंच आधींपासूनच होते, तेव्हां थोडें श्रेय जपानकडे परत पाठवावें हें बरें.

हेलिओचा मुलगा रॉइस यानें १९९३ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं एकाच रात्रीं तीन प्रतिस्पर्धी जिंकले, आणि दुर्बळानें बलवानास नमविण्याची ही विद्या, अशी तिची जगभर ख्याति झाली. आमचें मत विचाराल तर ही ख्याति अर्धी खरी आहे. अंगीं कसब सारखें असेल तर वजनच जिंकतें. नाहींतर स्पर्धांत वजनांचे गट कशास ठेवले असते? आमच्याहून वीस किलो जड असा कोणी छातीवर बसला म्हणजे तरफेचें सारें शास्त्र आठवतें, फक्त श्वास तेवढा आठवत नाहीं.

या विद्येंतील खरी नवलाची गोष्ट निराळीच आहे, व ती म्हणजे हार मानण्याची रीत. सांध्यास पीळ बसूं लागला किंवा गळा आवळला गेला कीं प्रतिपक्ष्याच्या अंगावर वा जमिनीवर दोनदां हातानें थोपटावें. तत्क्षणीं पकड सुटते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या असतां कांहीं सेकंदांतच शुद्ध हरपते, म्हणून येथें विलंब चालत नाहीं. एका सायंकाळीं आम्ही सात-आठ वेळां थोपटतों. जो घरीं, कचेरींत, किंवा सोसायटीच्या सभेंतसुद्धां वादांत कधीं माघार घेत नाहीं, अशा सुशिक्षित गृहस्थास हा व्यायाम सर्वांत अवघड जातो, असें आम्हांस दिसून आलें आहे.

खुद्द हेलिओनें तो केला नाहीं. १९५१ सालीं रिओच्या माराकाना क्रीडांगणांत मासाहिको किमुरा या जपानी मल्लानें त्याचा हात पिरगळून मोडला, तरी त्यानें थोपटलें नाहीं. अखेर त्याच्या बाजूच्या लोकांनींच सामना थांबविला. ग्रेसी मंडळींचा मोठेपणा असा कीं, ज्या पेंचानें आपण हरलों त्यास त्यांनीं विजेत्याचेंच नांव दिलें, व आज जगभर तो ‘किमुरा’ म्हणूनच शिकविला जातो. हेलिओच्या बाण्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु सोमवारीं सकाळीं ज्यास कचेरींत लिहावयाचें आहे, त्यानें तो बाणा दुरूनच नमस्कारावा.

आमच्या वर्गांत बावीस वर्षांची एक मुलगी आहे. ती आम्हांस ‘काका’ म्हणते, आणि काका म्हणतच आमचा कोपर आपल्या कंबरेवर आडवा घेऊन हात सरळ करीत नेते. शेवटच्या दोन बोटांएवढें अंतर उरलें कीं थांबते. “काका, थोपटा हं, वाट पाहूं नका.” आमचा हात त्या क्षणीं तिच्या हवालीं असतो, पुढच्या फेरींत तिचा गळा आमच्या हवालीं येतो. वीस वर्षांच्या शेजाऱ्यांवरही आम्हीं इतका विश्वास कधीं टाकला नव्हता.

घरीं या उद्योगाचें कौतुक बेताचेंच आहे. त्यांतील शुचिर्भूतपणा मात्र आमच्या सौ.स पसंत पडला. नखें कापलेलीं हवींत, जाड सुती डगला प्रत्येक वेळीं धुतलेला हवा, गादीवर पादत्राण नाहीं आणि गादीबाहेर अनवाणी पाऊल नाहीं. कारण गजकर्ण एकाचें दहांना होण्यास वेळ लागत नाहीं. आमच्या आजीचें सोवळेंही याहून कडक नव्हतें. बोटांवरील चिकटपट्ट्या, कानाची सूज व उजवा गुडघा यांविषयीं मात्र सौ.चें मत वेगळें आहे. डॉक्टरांनीं गुडघ्याचें चित्र काढण्यास सांगितलें आहे, आणि त्यांत कांहीं निघालें तर विद्या बंद, असें आमच्यावांचूनच ठरलें आहे.

येथें पट्टे पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी व काळा, या क्रमानें मिळतात. आंतरराष्ट्रीय संघाच्या सर्वसाधारण नियमानें निळ्यावर किमान दोन वर्षें, जांभळ्यावर दीड व तपकिरीवर एक वर्ष काढावें लागतें. प्रत्यक्षांत काळ्यापर्यंत बहुतेकांचीं दहा-एक वर्षें जातात. आमचा अद्याप पांढरा. म्हणजे गुडघ्यानें साथ दिली तर काळा पट्टा साठी उलटल्यावर. सौ.नीं हा हिशेब ऐकून घेतला, आणि गुडघ्याचें चित्र शुक्रवारीं आहे एवढेंच सांगितलें. वर्ग गुरुवारीं सायंकाळीं साडेसहास आहे. डगला वाळत घातला आहे.