मिनारा मशिदीच्या गल्लीतला हिशोब

रमजानच्या रात्री मुंबईचा मोहम्मद अली रोड झोपत नाही. मगरीब आटोपली की मसजिद आणि सँडहर्स्ट रोड स्टेशनांवरून माणसे पायीच मिनारा मशिदीकडे निघतात. डोक्यावरच्या लांबलचक उड्डाणपुलाला कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. पुलाखाली निखाऱ्यांवर सीख कबाब, कढईत मालपोवा, मातीच्या वाटीत फिरनी आणि भेंडी बाजाराच्या अंगाला नल्ली निहारी.

इथे सहसा कोणी एकटा खात नाही. चुलतभाऊ, मित्र, कामावरचे सोबती एकाच टेबलाभोवती दाटीने बसतात. मग बिल येते आणि कोणीतरी म्हणतो, "सगळ्यांत सारखं वाटून टाका."

ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण त्या सहा जणांत एखादा असा असतो, ज्याने ईदसाठी घरी पैसे पाठवायचे म्हणून हात आखडूनच खाल्लेले असते. तो तोंडाने नाही म्हणणार नाही. पुढच्या वेळी मात्र "आज काम आहे" म्हणून येणार नाही. म्हणून त्याचा विचार बाकीच्यांनीच करायचा.

हिशोब सोपा आहे. समजा, खाण्याचे 2,400 रुपये झाले. त्यावर 5 टक्के जीएसटी 120, एकूण 2,520. यातले 1,800 सगळ्यांनी मिळून खाल्ल्याचे, म्हणजे सहा जणांत प्रत्येकी 300. एकाने स्वतःसाठी 400 चे वेगळे मागवले, दुसऱ्याने 200 चे. पहिल्याचे झाले 700, दुसऱ्याचे 500, उरलेल्या चौघांचे 300. प्रत्येकाच्या रकमेवर 5 टक्के कर धरला की 735, 525 आणि चौघांचे 315. बेरीज बरोबर 2,520. कोणाला दावत दिली असेल, तर हा हिशोब मेहमानासमोर काढूच नये; बोलावणाऱ्याने आधीच काउंटरवर सांगून ठेवावे.

आता वेटरची बक्षिसी. ती करासकट रकमेवर नव्हे, खाण्याच्या रकमेवर काढावी. 2,400 चे शेवटचे शून्य काढले की दहा टक्के, म्हणजे 240. निम्मे केले की पाच टक्के. किती द्यायचे ते आपल्या खुशीवर आहे. मात्र आधी बिल नीट वाचावे. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी बजावले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. तो लावलेला दिसला तर काढायला सांगावे. ऐकले नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

पण चार्ज काढून वाचलेले पैसे खिशात घालून उठू नये. खजूर-पाण्यावर रोजा सोडून पहाटेपर्यंत ताटे उचलणाऱ्या पोराचा त्यात वाटा असू द्यावा. गल्ल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे मालकाच्या खात्यात जातात. ते वेटरपर्यंत पोहोचतातच असे नाही. म्हणून घरून निघताना दहा-वीसच्या चार नोटा वेगळ्या ठेवाव्यात, आणि उठताना ज्याने वाढले त्याच्याच हातात द्याव्यात.