बोजा

इंग्रजी लिटरेचर घेऊन बी.ए. करावं की नाही, असं पोरं अजून मला विचारतात. पोरं कसली, बापच विचारतो. "सर, हे घेऊन पोट्ट्याले काय भेटन?" मी सरळ सांगतो, नोकरीची गॅरंटी नाही. मलाच पदवीनंतर सहा वर्षं भेटली नव्हती. तरी घ्या म्हणतो. का म्हणतो ते सांगायचं तर राजुऱ्याच्या कागदापासून सुरू करावं लागतं.

आमचा तालुका निजामाचा. हैदराबाद संस्थान, जिल्हा अदिलाबाद. वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूर, चांदा. तिकडे इंग्रजाचं राज्य. १९५६ ला आम्ही नांदेड जिल्ह्यात गेलो, १९५९ ला चांदा जिल्ह्यात आलो. आज्याला त्यातलं एवढंच कळलं की कचेरीतला मुन्शी बदलला. आज्याच्या नावे चार एकर होतं, त्याचा कागद उर्दूत. वस्तीत वाचणारा कोणी नाही. मुन्शीकडे कोंबडी घेऊन जायचं आणि तो वाचेल ते खरं धरायचं. मग मराठी कागद आला. भाषा आमची म्हणावी तर त्यात सबब, फेरफार, वहिवाट, इसम मजकूर. तोही पटवारी वाचेल तसाच खरा. मग कोळशाच्या खाणी आल्या आणि कागद इंग्रजी झाला. आमची माणसं घरात मराठी बोलत, बाजारात तेलुगू, गोंडा-कोलामांसंगं त्यांचं मोडकंतोडकं, तुर्कासंगं हिंदी. चार भाषा बोलणारी माणसं, आणि कागद नेहमी पाचवीत.

मी कॉलेजात गेलो १९८४ ला. तेव्हा आमचं कॉलेज नागपूर विद्यापीठाखाली होतं. गोंडवाना विद्यापीठ २०११ ला झालं. प्रवेशाच्या खिडकीवर एक प्राध्यापक म्हणाले, "तुम्ही मराठी वाङ्मय घ्या, तुम्हाला झेपेल." हे 'तुम्ही' माझ्या एकट्यासाठी नव्हतं, आमच्या अख्ख्या वस्तीसाठी होतं. त्यांचा मुलगा कॉन्व्हेंटात होता. मी इंग्रजी घेतलं.

तीन वर्षांत वर्गात कोणी इंग्रजीतून एक वाक्य बोललं नाही. सर गाईड वाचून दाखवायचे, आम्ही ते पाठ करायचो. हे शिक्षण नव्हतं, मुन्शीगिरीच होती. पण एक म्हातारे सर होते, त्यांनी मिल्टन शिकवला. 'पॅरडाइज लॉस्ट'चं पहिलंच वाक्य कितीतरी ओळी चालतं आणि त्याचं क्रियापद सापडतं सहाव्या ओळीत. सर म्हणायचे, घाबरू नका, बोट ठेवा, क्रियापद शोधा. मग विचारा, कोण करतो, कोणाला करतो. स्वर्ग-नरकाशी आम्हाला घेणं नव्हतं. आमचा नरक गावकुसाबाहेर तयार होता. पण ते बोट ठेवणं मला लागलं.

१९९१ ला गावात गॅझेट आलं. आमच्या शिवाराखाली कोळसा होता. कायदा १९५७ चा, कोळसा असलेल्या जमिनी घेण्याचा. गॅझेटात मजकूर हिंदीतही असतो, पण ती हिंदी वाचण्यापेक्षा इंग्रजी परवडली. पंचायतीच्या भिंतीला चिकटवून गेले, कोणी वाचलं नाही. मी वाचलं तेव्हा एकोणीस दिवस सरले होते. कलम ७ ची नोटीस. तिच्यावर हरकत घ्यायला कलम ८ प्रमाणे तीस दिवस, आणि हरकत पाठवायची कलकत्त्याला, कोल कंट्रोलरकडे. गावातल्या निम्म्या लोकांनी चंद्रपूर पाहिलं नव्हतं.

वाक्य अर्ध्या पानाचं. बोट ठेवलं. कोण घेतो? केंद्र सरकार. कोणाकडून? ते वाक्यात नव्हतंच. चंद्रपूरच्या एका वकिलाकडे बसून अख्खा कायदा वाचला. कलम १० मध्ये लिहिलंय की जमीन सरकारची होते, सगळ्या बोज्यांतून मुक्त होऊन.

घरी येऊन सांगितलं. बा म्हणाला, "बोजा म्हंजे सोसायटीचं कर्ज काय गा?"

"कर्ज, गहाण, वाटा, वहिवाट, आत्याचा हक्क. आपणच म्हणा न बा."

बा लई वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "असं लिवलं हाय? वाच बरं परत."

अकरा दिवसांत एकवीस हरकती लिहिल्या. जमीन गेलीच. हरकत घेतली म्हणून कोळसा जमिनीत राहत नाही. पण मोबदल्याच्या यादीत गोम अशी निघाली, की आज्याचं नाव उर्दूतून मराठीत आलं तेव्हा एक अक्षर बदललं, मराठीतून इंग्रजीत गेलं तेव्हा दुसरं, आणि यादीत भलताच माणूस जन्मला. त्याला वारस नव्हते. आत्याचा मराठी अर्ज आठ महिने एका कचेरीत पडून होता. तोच मजकूर मी इंग्रजीत टाइप करून पाठवला, खाली तोच अंगठा. सतरा दिवसांत रजिस्टर्ड उत्तर आलं. आत्याला वाटा मिळाला. माझ्या पदवीची ही पहिली कमाई, नोकरीच्या आधीची.

काही विद्वान सांगतात, मातृभाषेतच माणूस मोठा होतो. खरं असेल. बाबासाहेबांनी १९१९ ला साउथबरो कमिटीपुढं अस्पृश्यांची बाजू इंग्रजीत मांडली आणि १९२० ला 'मूकनायक' मराठीत काढला. राज्यकर्त्याला त्याच्या भाषेत आणि आपल्या माणसांना आपल्या. एक घेण्यासाठी दुसरी टाकावी लागते, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. १९३६ चं जातिनिर्मूलनाचं भाषणही इंग्रजीत लिहिलेलं. मी ते आधी अनुवादात वाचलं होतं, पुढं मुळात. मुळात बाबासाहेब जास्त थंड आहेत. शिवी कुठंच नाही, आणि वाचताना अंगाला घाम. अनुवादात तो थंडपणा मला भेटला नव्हता.

आता चौकाचौकात स्पोकन इंग्लिशचे क्लास आहेत. पोरं 'हाऊ मे आय हेल्प यू' शिकून येतात. म्हणजे नोकरच व्हायचं, फक्त इंग्रजीतून. मला वाटतं, बी.ए.च्या पेपरात कविता राहू द्या, पण तिच्या बाजूला भूसंपादनाची एक नोटीस लावा, जामिनाचा एक हुकूम लावा. कवितेवर बोट ठेवलेलं पोरगं नोटिशीलाही भिणार नाही.

खाणींचं संपलेलं नाही. कोळसा, आणि सिमेंटसाठी चुनखडी. २००६ च्या नियमाप्रमाणे आता जनसुनावणी होते, तिलाही तीस दिवसांची सूचना. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. अख्खा अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा. अशा एका सुनावणीला आमच्या वस्तीतली एक पोरगी उभी राहिली, बी.ए. तिसऱ्या वर्षाची, इंग्रजी घेतलेली. सारांशात आमच्या नाल्याचं नावही नव्हतं. मोठ्या अहवालात तो होता, फक्त पावसाळ्यात वाहणारा म्हणून. वस्तीतल्या बाया मे महिन्यात तिथूनच पाणी आणतात. पोरीनं ते वाक्य आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. मागून बाया ओरडल्या, "खोटं हाय ते!"

मंचावरच्या साहेबांनी विचारलं, "पान कितवं?"

तिनं सांगितलं. साहेब पानं उलटायला लागले. माइक घ्यायला माणूस आला, तर तिनं दिला नाही. म्हणाली, "थांबा न, त्याईले सापडू द्या."