विनाथांबा

१९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक स्पर्धा झाली होती. शर्यत म्हटलं की धुरळा, वेग आणि पहिला नंबर आठवतो. ही तशी नव्हती. ही ‘रिलायबिलिटी ट्रायल’, म्हणजे गाडी किती पळते यापेक्षा वाटेत बंद पडते का हे पाहणारी. ६२० मैल, जवळजवळ हजार किलोमीटर, खडबडीत डोंगरी रस्ते आणि सहा घाट. रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी त्यात अव्वल ठरली. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली आणि इतर संस्थानिकांनाही तशी गाडी हवीशी वाटू लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. एकाच साली, एकाच मुंबईत किती वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात!

मी भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याचा. आमच्याकडे जिकडे पाहावं तिकडे धानाच्या सपाट बांध्या. घाट म्हणजे पवनीला वैनगंगेत उतरणाऱ्या पायऱ्या. गाडी धापा टाकत चढते तो घाट मी इंजिनिअरिंग संपवून नोकरीला पुण्याला गेल्यावर पाहिला. बाबांना मात्र घाट पाठ आहेत. सव्वीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. तांदूळ घेऊन मुंबई, पुणे, पार कोल्हापूरपर्यंत. म्हणून ही स्पर्धेची गोष्ट मी आधी त्यांनाच सांगितली.

त्यांनी गाडीची किंमत विचारली नाही, राजाचं नाव विचारलं नाही. म्हणाले, “चढली, ठीक आहे. उतरली कशी ते सांग.”

प्रश्न नेमका होता. त्या गाडीचं इंजिन सहा सिलिंडरचं, सुमारे ७ लिटरचं, चढायला भरपूर. पण पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. सेल्फ स्टार्टर नव्हता, हँडल मारायचं. बोरघाटातला रस्ता १८३० मध्ये खुला झाला तेव्हा मोटार कुणाच्या स्वप्नातही नव्हती. वळणं बैलगाड्यांच्या आणि घोड्यांच्या हिशेबाची. अशा उतारावर इंजिनलाच गाडी धरून ठेवायला लावायचं. “ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतराचं,” हा बाबांचा नियम १९०८ सालीही तितकाच खरा असणार.

मला मात्र वेगळीच गोष्ट खटकली. ‘थांबणं’ म्हणजे काय, हे कोण ठरवतं? याच कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ने १९०७ मध्ये लंडन-ग्लासगो रस्त्यावर १४,३७१ मैल न थांबता कापले. त्याआधी ६२९ मैलांवर पेट्रोलचा नळ धक्क्याने बंद झाला आणि एक मिनिट गेलं. त्या एका मिनिटाची नोंद आहे. टायरसाठी जे थांबे झाले ते मात्र हिशेबातच धरले नाहीत. मोजायची ती यंत्राची चूक. टायर फाडणारा रस्ता मोजायचा नाही. आमच्याकडेही सर्व्हर ठरवून बंद ठेवला तर तो वेळ ‘डाउनटाइम’मध्ये येत नाही. आकडा खोटा नसतो, फक्त त्याला कुंपण घातलेलं असतं.

सध्या मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते ट्रकांचा माग ठेवतं. दहा मिनिटांपेक्षा जास्त विनापरवाना थांबा झाला की नकाशावर लाल ठिपका उमटतो. महिनाअखेरीस ठिपके मोजले जातात आणि ड्रायव्हरचा भत्ता त्यावर ठरतो. घरून काम करत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहून म्हणाले, “अन् मानूस मुतायले थांबला तं?”

मग त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. खंबाटकी उतरताना एकदा ब्रेक तापून जळका वास यायला लागला. त्यांनी ट्रक कडेला घेतला, चाकांमागे दगड लावले आणि तासभर बसून राहिले. माल दुपारऐवजी संध्याकाळी पोहोचला. मालकाने त्या खेपेचे पैसे कापले. तेव्हा मी दुसरीत होतो. त्यांच्या त्या तासावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे, आणि आमच्या नकाशावर तो लाल ठिपका झाला असता.

पुढच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, थांब्याचं कारण ड्रायव्हरला नोंदवता आलं पाहिजे, आणि ब्रेक थंड करायला थांबणं ही चूक धरायची नाही. खूप वाद झाला. ड्रायव्हर खोटं लिहितील, हा मुख्य आक्षेप. सिल्व्हर घोस्टचे टायर वगळणाऱ्यांवर तेव्हा असा आक्षेप कुणी घेतला नसावा. शेवटी चार कारणांची यादी मंजूर झाली: पंक्चर, वाहतूक कोंडी, गाडी तापणे, इतर. ‘इतर’ला पंधरा मिनिटांची मर्यादा.

बाबांना दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी यादी दोनदा वाचली.

“झोप कशात येते?” त्यांनी विचारलं.

“इतर.”

“पंधरा मिनिटं?”

मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि पाचवं कारण टाइप केलं. ते अजून मंजूर व्हायचंय.