हंस, कावळा आणि पारवा

इंग्लंडात एक समज घट्ट रुजलेला आहे. हंसाने पंखाचा एक तडाखा दिला तर माणसाचा हात मोडतो, असा. माझी भाची काही वर्षांपूर्वी शिक्षणासाठी केंब्रिजला गेली. नदीकाठी फिरताना तिला हा इशारा इतक्यांदा मिळाला, की एके दिवशी तिने फोनवर मला विचारले, "मामा, आपल्याकडे तर सरस्वती त्याच्यावर बसते ना? मग इथे त्याला सगळे एवढे का घाबरतात?"

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. आपल्या परंपरेत हंस हा विवेकाचा पक्षी. दूध आणि पाणी वेगळे करणारा, दमयंतीकडे नळाचा निरोप नेणारा. असा पक्षी कोणावर धावून जाईल, ही कल्पनाच आपल्याला रुचत नाही. पण त्यात एक गोम आहे. संस्कृतातला हंस म्हणजे युरोपातला तो शुभ्र, लांब मानेचा पक्षी नव्हेच, असे प्रतिपादन ज्याँ फिलिप फोगेल या डच पंडिताने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अख्ख्या पुस्तकात केले. त्याच्या मते आपला हंस हा रानटी कलहंसांच्या जातीचा, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारा पक्षी. आजही तो उजनीच्या आणि जायकवाडीच्या पाण्यावर उतरतो. 'हंस', लॅटिनमधला 'आन्सर' आणि जर्मनमधला 'गान्स' हे शब्द एकाच मुळाचे आहेत, आणि त्या दोन्ही भाषांत त्यांचा अर्थ कलहंस असाच होतो. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात हंसजातक रंगवलेले आहे. त्यातले पक्षी पाहिले तर फोगेलचे म्हणणे पटू लागते. आपल्या डोळ्यांसमोरचा पांढराशुभ्र, डौलदार हंस बऱ्याच अंशी राजा रविवर्म्याच्या दमयंतीने आणि तिच्या घरोघरी लागलेल्या छापील तसबिरींनी आणून दिलेला आहे. थोडक्यात, ज्याला आपण भीत नाही आणि ज्याला भाचीच्या मैत्रिणी भितात, ते पक्षी मुळात दोन आहेत.

आता त्या विलायती हंसाविषयी. पूर्ण वाढलेला नर दहा-बारा किलोंचा असतो आणि त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी दोन मीटरहून अधिक भरते. वसंतात घरट्यात अंडी असली की तो पंख अर्धवट उभारून, मान मागे खेचून, फुत्कारत अंगावर येतो. केंब्रिजच्या कॅम नदीवर २००९ ते २०१२ या काळात एका हंसाने वल्हवणाऱ्यांना इतके सळो की पळो केले, की समाजकंटकांवर बजावल्या जाणाऱ्या न्यायालयीन आदेशावरून त्याला 'मिस्टर अ‍ॅस्बो' असे नाव पडले आणि शेवटी त्याची रवानगी दूरच्या पाण्यावर करावी लागली. एप्रिल २०१२ मध्ये शिकागोजवळच्या एका तळ्यात याहून गंभीर घटना घडली. तेथे हंसांची देखरेख करणाऱ्या माणसाच्या छोट्या नावेवर हंस चालून गेला, नाव उलटली आणि तो माणूस बुडून मेला. तेव्हा हंस निरुपद्रवी आहे असे म्हणता येणार नाही. पण हात मोडण्याची गोष्ट जाणकार लोक हसण्यावारी नेतात. पक्ष्याचे हाड पोकळ आणि हलके. त्या तडाख्याने मुका मार बसेल, लहान मूल किंवा म्हातारे माणूस कोलमडेल. धडधाकट माणसाचा हात मोडणे ही दंतकथाच दिसते. शिवाय तो आधी सूचना देतो. फुत्कारतो, पंख उभारतो. माणसाने चार पावले मागे घेतली की प्रकरण मिटते.

भाचीला मी हे सगळे सांगितले आणि वर म्हटले, की हंसाची भीती बाळगणारी माणसे एप्रिल-मे महिन्यात हिंदमात्याला येऊन गेली पाहिजेत.

कारण त्या दिवसांत आमच्याकडे कावळ्यांची घरटी असतात. हिंदमाता हे नाव बाहेरच्यांना पावसात तुंबणाऱ्या पाण्यामुळे आणि कापडाच्या दुकानांमुळे ठाऊक असते, पण डॉ. आंबेडकर रस्त्याच्या कडेला आणि आतल्या गल्ल्यांत जी मोजकी जुनी झाडे उरली आहेत, त्यांवर कावळे दर उन्हाळ्यात काड्या, तारा, मोडके हँगर असा संसार मांडतात. पिल्ले घरट्याबाहेर डोकावू लागली की खालून जाणाऱ्याची धडगत नसते. कावळा हंसासारखा समोरून येत नाही. तो पाठीमागून येतो, डोक्याला चोच किंवा पंजा मारतो आणि मागे वळून पाहीपर्यंत विजेच्या तारेवर बसलेला असतो. मे महिन्यात छत्री उघडून जाणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ती उन्हासाठी नसते. आमच्या चाळीत पेपर टाकणाऱ्या एका मुलाशी कावळ्यांच्या एका जोडीने दोन-तीन वर्षे वैर धरले होते. दुसरा मुलगा त्याच वेळी, त्याच जिन्याने यायचा. त्याला ते काही करत नसत. लोक म्हणत, पहिल्याने पिल्लू उचलले असणार. तेव्हा ही गोष्ट गप्पांत मोडत असे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी २००६ साली मुखवटे घालून कावळे पकडले आणि पुढे तो मुखवटा दिसताच तेथले कावळे वर्षानुवर्षे कल्ला करत राहिले, हे वाचल्यावर मात्र त्या मुलाची आठवण झाली. जात वेगळी, पण कुळ एकच.

कावळ्याची जखम ती केवढी? थोडेसे रक्त, टिंक्चर, फार तर एक इंजेक्शन. तरीही आमच्या घरात या माराची जितकी धास्ती होती तितकी बसखाली सापडण्याची नव्हती. कावळा डोक्याला शिवला म्हणजे घरात मृत्यू येणार. त्यावर तोडगा म्हणून नातेवाइकांना खोटा निरोप धाडायचा, की अमका गेला. ते रडले की अपशकुन फिटला. माझ्या आजीने असा एक निरोप खरोखरच धाडला होता आणि त्यावरून कोकणातल्या एका घराशी आमचा अबोला झाला. पिंडाला शिवायला ज्याची वाट पाहायची, तोच डोक्याला शिवला की पळापळ करायची, असे हे नाते आहे. भीती चोचीची नव्हे, ती ज्याच्या वतीने येते त्याची आहे.

आणि या सगळ्या गडबडीत पारव्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

पारवा हा आपला जुना शब्द. 'कबूतर' मागाहून रूढ झाला असावा. हिंदमात्याच्या दुकानांत पारवा रंगाची लुगडी मागणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत. तो धुरकट, निळसर राखी रंग, ज्यात मानेजवळची झाक मिसळलेली असते. माझ्या मावशीचा तो आवडता रंग होता. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. काका गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर ती गिरणी पुन्हा धड चालली नाही आणि काकाही फार वर्षे जगले नाहीत. मूलबाळ नव्हते. सकाळी आंघोळ झाली की मावशी मूठभर ज्वारी गॅलरीच्या कठड्यावर टाकायची आणि पारवे उतरायचे. त्यांच्या पंखांचा तो फडफडाट, घुमणे, कोनाड्यातली दोन पांढरी अंडी, हे सगळे तिच्या दिवसाच्या मोजणीत होते. कोणी हटकले तर म्हणायची, "अरे, ती काय मागतात? आणि बोलतात तरी कोणाला?"

तिला खोकला लागला तो २००९च्या सुमारास. कोरडा, न थांबणारा. जिना चढताना दम लागायचा. एका डॉक्टरांनी क्षयाची औषधे सुरू केली. ती तिने सहा महिने मुकाट्याने घेतली आणि वजन तेवढे घटले. शेवटी फुप्फुसांचे सीटी स्कॅन झाले, आणि तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जो प्रश्न विचारला तो त्याआधी कोणीच विचारला नव्हता: "आजी, घरात किंवा खिडकीत कबुतरे आहेत का?"

रोगाचे नाव लांबलचक आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतरे पाळणाऱ्यांमध्ये त्याचे वर्णन अमेरिकेत १९६५ सालीच झाले होते. पारव्याच्या पिसांवर बारीक भुकटी असते आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ हवेत उडते. दोन्हींतली प्रथिने श्वासावाटे आत जातात. बहुतेकांना त्याने काहीच होत नाही. काहींचे शरीर मात्र त्या प्रथिनांना शत्रू मानते आणि फुप्फुसाच्या आतल्या नाजूक पडद्यांवर सूज येते. लवकर कळले आणि धूळ टळली तर सूज ओसरते. वर्षानुवर्षे चालू राहिले तर तेथे वण पडतात, आणि वण पडलेले फुप्फुस परत मऊ होत नाही. हे जंतूंचे काम नसल्याने अँटिबायोटिकचा येथे काही उपयोग नसतो.

मग पारवा खरोखरच लोक म्हणतात तितका धोकादायक आहे का? या प्रश्नाचे उत्तर मुंबईत आता शांतपणे देता येत नाही. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा झाली. उच्च न्यायालयाने दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्यास सांगितले. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेला, १९३३ सालचा दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला. ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री फाडली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यानंतर दुसऱ्या बाजूचे लोकही रस्त्यावर आले आणि पाहता पाहता प्रश्न फुप्फुसांचा न राहता कोण कोणाच्या शहरात राहतो याचा झाला. एका बाजूला पारवा म्हणजे जीवदया, दुसऱ्या बाजूला पारवा म्हणजे उडता विषाणू. मला दोन्ही बाजूंचा वीट आला. पहिलीला मावशीचा खोकला ऐकू येत नव्हता. दुसरीला त्या खोकल्याची चाड आहे असे तिच्या घोषणांवरून वाटत नव्हते.

जे ठाऊक आहे ते असे. भारतातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांत १,०८४ रुग्णांची नोंद करून २०१७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या पडद्यांचे जे अनेक आजार असतात, त्यांत हाच आजार सर्वाधिक, जवळपास ४७ टक्के, आढळला. मात्र त्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या घरी संशयाची वस्तू निघाली ती एअर कूलर, म्हणजे ओल आणि बुरशी. पक्षी यादीत होते, पण एकटे नव्हते. तेव्हा रस्ता ओलांडताना डोक्यावरून पारव्यांचा थवा गेला म्हणून नाकाला रुमाल लावणारा माणूस मला हंसाला भिणाऱ्या इंग्रजासारखाच वाटतो. मात्र ज्याच्या खिडकीच्या सज्ज्यावर बोटभर थर साचलेला आहे, जो रोज तो कोरड्या झाडूने झाडतो आणि ज्याचा खोकला महिना उलटून गेला तरी जात नाही, त्याने भ्यायलाच हवे. आणि शेजाऱ्याने रोज पोतेभर दाणे ओतायचे, त्याची धूळ दुसऱ्याने घ्यायची, ही जीवदया नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूठभर ज्वारी आणि पोतेभर चणे यांत केवळ प्रमाणाचा फरक नसतो. आयते खाणे मिळाले की पारवा बारा महिने अंडी घालतो.

मावशीची ज्वारी मूठभरच होती, तरी ती तिला बाधली. येथे सगळे हिशेब थिटे पडतात.

डॉक्टरीणबाईंनी पक्षी बंद करायला सांगितले. मावशीने त्याच दिवशी ज्वारीचा डबा आमच्या आईकडे पाठवून दिला. एक शब्द बोलली नाही. आम्ही गॅलरीला नायलॉनची जाळी लावली. पारव्यांना हे समजायला बरेच दिवस लागले. ते सकाळी यायचे, जाळीवर आपटायचे, समोरच्या पत्र्यावर बसून घुमायचे. मावशी आत खाटेवर पाठ टेकून बसलेली असायची, नंतर नंतर नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. एकदा मी म्हटले, "मावशी, त्रास होतो का गं त्या आवाजाचा? खिडकी लावू?" ती म्हणाली, "राहू दे. त्यांना काय माहीत?"

मला वाटते, भाचीच्या प्रश्नातला अवघड भाग येथे आहे. हंस फुत्कारतो, कावळा टोचतो. दोघेही आपले पिल्लू राखत असतात, आणि आपण त्यांना धोकादायक म्हणतो तेव्हा त्यांच्या मनात आपल्याविषयी काहीतरी असते, निदान राग तरी. पारव्याच्या मनात काहीच नव्हते. ज्या पक्ष्याने आमच्या घरात माणूस नेला, त्याने कधी मान वाकडी करून आमच्याकडे रागाने पाहिलेही नाही. अशा पक्ष्यावर रागावता येत नाही. मला तरी आले नाही.

मावशी २०१४च्या पावसाळ्यात गेली. त्या दिवशी हिंदमात्याला गुडघाभर पाणी होते आणि शववाहिका परळच्या बाजूनेच थांबवावी लागली. दहाव्याला कावळा बराच वेळ शिवेना. भटजींनी सुचवले तसे आम्ही एकेक वचन देत गेलो: वर्षश्राद्ध करू, खोली विकणार नाही. शेवटी आईने हात जोडून हळूच काहीतरी म्हटले आणि कावळा उतरला. काय म्हणालीस, असे मी घरी आल्यावर विचारले. आई म्हणाली, "ज्वारीचं म्हटलं. टाकत जाईन म्हटलं, चौपाटीवर जाऊन, दूर."

ती अजून महिन्यातून एकदा जाते. तोंडाला मास्क लावते. परत आल्यावर साडी लगेच भिजत घालते.