खांब नंबर 154

कोहिमा

ती. आई-अण्णांस सा. न.

पत्रात ‘मी’ कमी आणि मजकूर जास्त असावा, हा अण्णांचा दंडक. म्हणून या प्रवासातल्या पत्रांत ‘मी’ नाहीच. आहे ती फक्त तुमची लेक.

लेक कोहिम्यात पोचली आहे, थंडी झकास आहे, आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी अर्ध्यावर आली आहे. इथल्या लोकांनाही ती आवडली, पण त्यांच्या राजा मिरचीपुढे ती अगदीच सौम्य ठरली.

30 मार्च 1953 रोजी याच गावात नेहरू आणि ब्रह्मदेशाचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे, पंतप्रधान ऊ नू एकत्र आले होते. नागांना आपलं निवेदन द्यायचं होतं, पण अधिकाऱ्यांनी ते देऊ दिलं नाही. मग जमलेला समुदाय पाठ फिरवून सरळ चालता झाला. दोन देशांचे पंतप्रधान मंचावर आणि समोर रिकामं मैदान! ही गोष्ट इथे अजून रंगवून सांगतात.

निवेदनं अजून चालूच आहेत. 1 मार्च 2024 रोजी इथल्या नागालँड विधानसभेने एकमताने ठराव केला, की म्यानमार सीमेवर कुंपण नको आणि मुक्त ये-जा बंद करू नका. केंद्राने महिनाभर आधीच 1,643 किलोमीटरच्या सगळ्या सीमेला कुंपण घालायचं जाहीर केलं होतं. सरकारची कारणं खोटी नाहीत. मणिपूर मे 2023 पासून पेटलेलं, पलीकडे यादवी, आणि जंगलवाटांनी अफू, बंदुका, बंडखोर सगळंच येतं. पण त्याच वाटांनी पलीकडचा मामा भाचीच्या लग्नालाही येतो.

नागा एकमुखी आहेत असं मात्र कुणी समजू नये. सशस्त्र चळवळीतल्या मुख्य संघटनेची 1988 मध्येच दोन शकलं झाली, आणि पुढे शकलांचीही शकलं. कुंपणाच्या प्रश्नावर मात्र सगळ्यांचा सूर एक लागतो. मणिपुरातल्या युनायटेड नागा कौन्सिलने तर 2025 च्या सप्टेंबरात महामार्गांवरची मालवाहतूक रोखून धरली होती. काही दिवसांनी ती नाकेबंदी स्थगित झाली.

मोन

आई, रस्त्याबद्दल काही विचारू नकोस.

कोहिम्याहून मोनला जायचं तर डोंगर उतरून आसामात जायचं आणि सोनारीहून पुन्हा वर चढायचं. स्वतःच्याच राज्यातल्या जिल्ह्यात शेजारच्या राज्यातून! सुमोत दहा माणसं, दोन कोंबड्या आणि लेकीच्या मांडीवर कुणाचं तरी पोर. पूर्वेकडचे सहा जिल्हे कोहिम्यावर रुसलेले का, ते त्या बारा तासांत हाडांना कळलं. त्यांनी वेगळा प्रदेश मागितला. एप्रिल 2024 च्या लोकसभा निवडणुकीत तिथले लोक मतदानाला जवळजवळ फिरकलेच नाहीत. तरीही कुंपणाविषयी हे रुसलेले जिल्हे आणि कोहिमा एकच बोलतात.

या जिल्ह्यात ओटिंग नावाचं गाव आहे. 4 डिसेंबर 2021 ला तिथे खाणीवरून घरी परतणाऱ्या मजुरांवर लष्कराच्या तुकडीने अतिरेकी समजून गोळ्या झाडल्या. त्या घटनेत आणि नंतरच्या उद्रेकात चौदा नागरिक गेले. तेव्हा ‘तुमच्या सुरक्षेसाठी’ हे शब्द इथे फार जपून उच्चारावे लागतात.

लोंगवा

अण्णा, हे पत्र खास तुमच्यासाठी.

तुमची सारी नोकरी मोजणी खात्यात गेली. सासू-सुनेचं भांडण परवडलं, पण बांधाचं नको, असं तुम्ही म्हणायचात. इथे या, बांध घरातून गेलेला दाखवते. कोन्याक नागांचा राजा म्हणजे आंग. त्याचं लांबलचक घर डोंगराच्या कण्यावर बसलं आहे, आणि आंतरराष्ट्रीय सीमा त्या घरामधून जाते. चुलीपाशी बसलेल्या तुमच्या लेकीने काळा चहा कोणत्या देशात प्यायला, यावर तिथल्या पोरांत वाद झाला. तो मिटला नाही. आंगचा मान दोन्ही बाजूंच्या गावांत चालतो. गावातल्या कित्येकांची शेतं पलीकडे आहेत, आणि पलीकडची मुलं शाळेला अलीकडे येतात.

जवळच सीमेचा खांब उभा आहे, नंबर 154. लेकीने त्याला हात लावून पाहिला, अगदी तुम्ही हद्दीच्या दगडाला लावायचात तसा.

आता रेघेची कुळकथा. 1826 मध्ये यांदाबोचा तह इंग्रज आणि ब्रह्मदेशाचा, म्हणजे आवाचा, राजा यांच्यात झाला. 1937 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा काढला. 1967 मध्ये दिल्ली आणि रंगून यांच्यात सीमेचा करार झाला. प्रत्येक वेळी कागद झाला, सह्या झाल्या. तुमच्या खात्यात साधा गट मोजायचा तरी लगतधारकांना नोटीस जाते. इथे लगतधारकालाच नव्हे, ज्याच्या घरातून साखळी ओढली त्यालाही कुणी विचारलं नाही.

तरी निभावलं, कारण रेघ कागदावरच राहिली. दोन्ही बाजूंच्या डोंगरी लोकांना सोळा किलोमीटरपर्यंत विनाव्हिसा जाता येई. आता ती मर्यादा दहावर आली आहे, आणि जायचं तर सीमेवरच्या आसाम रायफल्सचा पास हवा, तोही सात दिवसांचा. सात दिवसांत पेरणी उरकते का, ते तुम्हीच सांगा. शिवाय पास काढायचा तर कागदपत्रं हवीत, आणि डोंगरातल्या म्हाताऱ्याकडे असतात ती चेहऱ्यावरची गोंदणं. असे गोंदलेले आजोबा आता थोडेच उरलेत. गळ्यात पितळी मुंडक्यांची माळ, एकेकाळी शत्रूचं शिर आणल्याची खूण. त्यातल्या एकांनी लेकीची वही मागून घेतली आणि उलटी धरून बराच वेळ पाहिली.

अफूचं दुखणं मात्र खरं आहे, आणि ते गावकरीही लपवत नाहीत. घराघरांत त्याचे घाव आहेत. कुंपणाने ते थांबेल का, यावर लेकीला शंका आहे. आंगच्या घरात कुंपण घालणार कुठून, चुलीच्या अलीकडून की पलीकडून, हेही कुणाला सांगता येत नाही.

इथे फोन कधी भारताचं नेटवर्क पकडतो, कधी म्यानमारचं, आणि त्यांचं घड्याळ आपल्यापुढे तासभर. आत्ता भिंतीवर साडेपाच वाजलेत आणि फोनवर साडेसहा. बाहेर कधीच अंधार पडला आहे. सकाळची सुमो पाच वाजता सुटते म्हणतात. कोणत्या पाच वाजता, ते विचारून येते.

तुमची लेक