ग्रुपवर नको, म्हणाली लेक

नातीचे फोटो घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, त्यासाठी वेगळं ॲप घ्यायचं आणि त्यात मोजक्याच माणसांना बोलवायचं, असं लेकीने आणि जावयाने बाळ जन्मायच्या आधीच ठरवलं होतं. माझा त्याला ठाम विरोध होता. आज मी त्यांच्या बाजूने आहे, इतकी की नातलगांना समजावण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं आहे. मत कसं बदललं ते सांगावंसं वाटतं, कारण मी जिथे होते तिथे माझ्या वयाच्या कितीतरी आज्या आज आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही.

माझं म्हणणं असं होतं की बाळ एकट्या आईबापाचं नसतं. आमच्या सांगलीत बाळ झालं की कुणी जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवून आणतं, कुणी डिंकाचे लाडू पाठवतं, बारशाला पाळण्याभोवती उभं राहायला जागा पुरत नाही. ज्यांनी बाळंतविडा केला त्यांना बाळाचा चेहरा दाखवायचा नाही? यादी करायची म्हणजे कुणाला तरी गाळायचं, आणि लग्नात पत्रिका न मिळालेली माणसं तीस वर्षांनीही ते काढून दाखवतात. थोरल्या जाऊबाईंनी माझ्या लेकीला अंगाखांद्यावर वाढवलं. त्यांना मी काय सांगायचं होतं?

दुसरा मुद्दा तांत्रिक होता, आणि तोही मी जोरात मांडला. मी बँकेत होते, शेवटी शाखा सांभाळली, त्यामुळे सुरक्षित म्हटलेलं सगळं तपासून पाहायची सवय आहे. व्हॉट्सॲपचे संदेश 2016 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला, अगदी कंपनीलाही, ते उघडता येत नाहीत. उलट अल्बमच्या बहुतेक ॲपांत फोटो कंपनीच्या सर्व्हरवर राहतो आणि तो उघडणं कंपनीला शक्य असतं. मग जास्त खासगी कोणतं? अमेरिकेतल्या ‘एव्हर’ ॲपचं उदाहरण मी दिलं. लोक त्यात घरचे फोटो ठेवत. त्या फोटोंवर कंपनीने चेहरे ओळखणारी यंत्रणा तयार केली आणि ती इतरांना विकायला काढली, हे 2019 मध्ये उघडकीला आलं. 2021 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या फोटोंवरून बनवलेली यंत्रणासुद्धा नष्ट करायला लावली. आपल्या नातीच्या बाबतीत हे होणार नाही कशावरून, असं मी लेकीला विचारलं. तिच्याकडे सरळ उत्तर नव्हतं. आजही मला तो प्रश्न रास्त वाटतो.

बाळंतपण सांगलीलाच झालं. चौथ्या दिवशी बाळाला कावीळ झाली. नवजात बाळांपैकी निम्म्याहून अधिकांना ती थोडीफार होतेच. यकृत अजून पुरतं तयार झालेलं नसतं, रक्तातलं बिलिरुबिन वाढतं, आणि प्रमाण एका हद्दीपलीकडे गेलं की बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. त्या प्रकाशाने बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर टाकणं सोपं होतं. डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून पट्टी असते, अंगावर फक्त लंगोट. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजात चर्र होतं, पण उपचार साधा आणि जुना आहे.

जावयाने त्या अवस्थेतला एक फोटो घरच्या चौघापाच जणांना पाठवला, काळजी करू नका असं लिहून. दुसऱ्या दिवशी मंडईत तोंडओळखीच्या एका बाईंनी मला थांबवलं आणि विचारलं, “बाळाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणे?” त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर फोटो आला होता. मी दवाखान्यात पोचले तेव्हा लेकीचा फोन थांबत नव्हता. कोवळ्या उन्हात धरा. तुझं दूध बंद कर. साखरेचं पाणी पाज. आमच्या ओळखीच्यांच्या बाळाची दृष्टी गेली होती, लवकर मोठ्या दवाखान्यात हलवा. टाके ओले, दूध नुकतं उतरत होतं, बाळ कुशीत नव्हतं, आणि ती प्रत्येकाला तेच तेच सांगत होती. शेवटी फोन माझ्या हातात देऊन ती भिंतीकडे तोंड करून रडली.

मी त्या फोटोचा माग काढला. कुठेच दुष्ट माणूस सापडला नाही. एकीने आपल्या बहिणीला पाठवला, बाळासाठी प्रार्थना कर म्हणून. बहिणीने ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना आणि त्याबरोबरच आपल्या ग्रुपला पाठवला. ‘डोळ्यांचं काहीतरी’ ही शंका कुणीतरी जोडली आणि पुढच्या हाताने तिचं ऑपरेशन केलं. प्रत्येकीने मायेनेच पाठवला होता. बँकेत मी हेच पाहिलं होतं: तिजोरी फोडून रक्कम क्वचित जाते, जाते ती एका विश्वासू माणसाने दुसऱ्या विश्वासू माणसाकडे किल्ली दिल्यामुळे. कुलूप कितीही उत्तम असो, किल्लीच्या प्रती काढणं सोपं असेल तर त्या कुलपाचा उपयोग नाही. व्हॉट्सॲपचं कुलूप उत्तम आहे. पण तिथे फोटो न मागता प्रत्येकाच्या गॅलरीत उतरतो आणि दोन बोटांच्या हालचालीत पुढे जातो. 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा पसरल्या, आपल्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने पाच निरपराध माणसं मारली, त्यानंतर भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाचांची मर्यादा आली. पाच ही संख्या मला पुरेशी लहान वाटायची. पण पाचांनी पाचांना आणि त्यांनी पुन्हा पाचांना पाठवलं तर तिसऱ्या पायरीला सव्वाशे जण होतात.

लेकीचा आग्रह मला तिथे कळला. नातलगांवर विश्वास आहे की नाही, असं मी विचारत होते. तो प्रश्नच नव्हता. फोटो किती सहज निसटतो, हा प्रश्न होता.

कायदा या ठिकाणी मदतीला येत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कडक तरतुदी आहेत: पालकांच्या संमतीशिवाय कंपनीने मुलाची माहिती हाताळायची नाही, त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत. पण एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याने बाहेर ठेवला आहे. म्हणजे कंपनीला जाब विचारता येईल, मावशीला नाही. फ्रान्सने 2024 मध्ये कायदा करून आईबापांवरच मुलाच्या छबीचा हक्क जपायची जबाबदारी टाकली. आपल्याकडे ते काम घरातच करावं लागणार, आणि घरात ते वडीलधाऱ्यांनी केलं तरच जमतं. लेक ‘नाही’ म्हणाली तर ती शिष्ट ठरते. आजी म्हणाली तर ऐकतात.

मग आम्ही तिघं बसलो. आयफोनचा शेअर्ड अल्बम बाद झाला, कारण आमच्यातल्या निम्म्यांकडे अँड्रॉइड आहे. गुगल फोटोजच्या अल्बमची लिंक चालू ठेवली तर ती ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम दिसतो, म्हणून तोही मागे पडला. शेवटी जपानच्या मिक्सी कंपनीचं, 2015 मध्ये तिथे सुरू झालेलं ‘फॅमिली अल्बम’ घेतलं. महिन्यामहिन्याचे फोटो बाळाच्या वयासकट आपोआप लागतात, आणि नागपूरच्या विहीणबाईंना ते कुणाच्या मदतीशिवाय उघडता येतं. इथूनही फोटो उतरवता येतो, स्क्रीनशॉट तर कुठेही निघतो. पण त्यासाठी ठरवून काहीतरी करावं लागतं, आणि मायेच्या भरात होणारी गोष्ट तेवढ्याने बहुतेक वेळा थांबते.

माझा जुना प्रश्न मी सोडला नाही. त्यामुळे दवाखान्यातले, न्हाऊमाखू घालतानाचे उघड्या अंगाचे फोटो या अल्बमात जात नाहीत. ते ‘एन्टे’ या दुसऱ्या ॲपवर, फक्त आईबापांपुरते. तिथे किल्ली वापरणाऱ्याकडेच असते, कंपनीलाही फोटो उघडता येत नाही. पण पासवर्ड आणि चोवीस शब्दांची परतीची किल्ली दोन्ही हरवली तर फोटो गेलेच. ते शब्द कागदावर लिहून मी लॉकरमध्ये ठेवले आहेत. शिवाय सगळ्या मूळ फोटोंची प्रत घरच्या हार्ड डिस्कवर हवी, हा माझा हट्ट होता. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, पिकासा 2016 मध्ये. नात वीस वर्षांची होईल तेव्हा यातली कोणती कंपनी असेल, यावर मी पैज लावणार नाही.

इथे पुष्कळ जण दृष्टीचा विषय काढतात. माझ्या सासूबाई सव्वा महिना बाळ बाहेर काढू देत नसत, काजळाची तीट लावल्याशिवाय कुणापुढे धरत नसत. मी तेव्हा दृष्ट मानली नाही, आताही मानत नाही. पण त्या सव्वा महिन्यात बाळंतिणीला कुणाच्या प्रश्नांना उत्तर द्यावं लागत नसे, हे मला आता ठळक दिसतं. खोलीचं दार बंद होतं आणि ते बंद ठेवायला एक करारी बाई उंबऱ्यात बसलेली होती.

एका बाबतीत मात्र लेकीला माझं ऐकावं लागलं, आणि ती आनंदाने ऐकते आहे. जाऊबाईंकडे साधा बटणांचा फोन आहे. कोणतंही ॲप त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. त्यांच्यासाठी दर महिन्याला फोटो छापून घेतो आणि मी ते स्वतः घेऊन जाते. यादीही मी वाढवून घेतली: ज्यांनी बाळाला एकदा तरी मांडीवर घेतलंय, ती माणसं आत. न्यू जर्सीच्या भाच्याने अजून घेतलेलं नाही, पण तो दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलतो, म्हणून तोही आत. काही जण रुसले आहेत. दोन घरांशी बोलणं अजून पूर्वीसारखं झालेलं नाही, आणि ते मला बोचतं.

पुढच्या महिन्यात उष्टावण आहे. मामाच्या मांडीवर बसून ती चांदीच्या वाटीतली खीर खाईल तेव्हा समोर तीसेक फोन उगारलेले असतील. जावई म्हणतो, हॉलच्या दारावर पाटी लावू. मला ते पटत नाही. आपल्या माणसांना पाटी दाखवायची नसते. आमंत्रणाचे सगळे फोन मीच करणार आहे, आणि प्रत्येकाला सांगणार आहे: या, पोटभर जेवा, फोटो काढा, पण स्टेटसला ठेवू नका. का, असं विचारलं तर त्या निळ्या प्रकाशाखालच्या फोटोचं सगळं सांगेन.