मोतीचा पाय

गतवर्षी आषाढातील एके सकाळी प्रार्थनेच्या घंटेस आमच्या वसतिगृहाचा मोती लंगडत आला. नाव मोती असले तरी अंगाने तो वासराएवढा होता; गावातून बदलून गेलेल्या एका अधिकाऱ्यांच्या ग्रेट डेन जातीच्या कुत्रीचे ते पिल्लू. आठ वर्षे त्याने आमच्या आवाराची राखण केली. वसतिगृहात नवा आलेला मुलगा पहिल्या रात्री रडू लागला की मोती त्याच्या खाटेशी जाऊन पडे. आणि आमच्या उपदेशाने जे साधत नसे ते त्याच्या मुक्या सोबतीने साधे.

आम्हांस वाटले, कुंपणावरून उडी मारताना पाय मुरगळला असावा. आंबेहळदीचा लेप लावला, फडके बांधले आणि आम्ही आमच्या परीक्षांच्या कामास लागलो. तीन आठवडे हाच क्रम चालला. लेपाखालची सूज दगडासारखी कठीण झाली आणि मोती रात्री कण्हू लागला, तेव्हा कोठे आम्ही त्यास गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक्स-रे काढून उजेडासमोर धरला. पुढच्या पायाच्या मनगटावरचे हाड वाळवीने पोखरलेल्या वाशासारखे दिसत होते.

"सर, ही मुरगळ नव्हे, हा हाडाचा कर्करोग आहे," डॉक्टर म्हणाले. आधी आणले असते तर काही उपयोग झाला असता काय, असे आम्ही भीतभीत विचारले. ते म्हणाले, "रोगात फार फरक पडला असता असे मी म्हणणार नाही. पण तीन आठवड्यांच्या त्याच्या वेदना वाचल्या असत्या." हे वाक्य अजून आमच्या मनातून गेलेले नाही.

आम्ही कागदावर सही केली आणि मोतीचा पाय खांद्यापासून काढण्यात आला. दहाव्या दिवशी तो तीन पायांवर मुलांच्या चेंडूमागे धावू लागला. मुलांस आनंद झाला, परंतु इयत्ता सातवीतील एका मुलाने आम्हांस विचारले, "सर, पाय कापण्याआधी मोतीला कोणी विचारले होते का?" वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो, पण आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढील औषधोपचाराची सोय आमच्या गावी नव्हती. नाताळाच्या सुमारास मोतीस धाप लागू लागली. रोग फुप्फुसांत उतरला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. मुलांनी विहिरीमागील कडुनिंबाखाली खड्डा खणला.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही या रोगाविषयी जे वाचले, ते आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मोतीस झालेल्या रोगास वैद्यकात ऑस्टिओसार्कोमा म्हणतात. हाच रोग माणसांसही होतो, आणि तो विशेषेकरून वाढत्या वयातील मुलामुलींस, बहुधा गुडघ्याच्या आसपासच्या हाडांत होतो. सुदैवाने तो विरळ आहे. अमेरिकेसारख्या मोठ्या देशात वर्षास सुमारे १,००० माणसांस तो जडतो; परंतु त्याच देशात वर्षास १०,००० हून अधिक कुत्र्यांस तो होत असावा असा अंदाज आहे. ग्रेट डेन, रॉटवायलर, ग्रेहाउंड अशा थोराड जातींस त्याचे भय अधिक. सूक्ष्मदर्शकाखाली कुत्र्याच्या गाठीचा तुकडा आणि मुलाच्या गाठीचा तुकडा यांत तज्ज्ञांसही फरक दिसत नाही. आणि दोघांतही रोग धावतो तो फुप्फुसांकडे.

प्रयोगशाळेतील उंदरांवर पुष्कळ संशोधन होते हे आपण ऐकतो. परंतु त्या उंदरास बहुधा रोग बाहेरून दिलेला असतो, आणि परकी गाठ त्याच्या अंगी रुजावी म्हणून त्याची रोगप्रतिकारशक्ती आधीच पंगू केलेली असते. घरच्या कुत्र्याचे तसे नाही. त्यास रोग आपोआप होतो. तो आपल्याच घरात राहतो, आपलीच हवा घेतो, आपलेच पाणी पितो, आणि त्याच्या शरीराची झुंज अस्सल असते. शिवाय त्याचे आयुष्य थोडे असल्याने, माणसांत जे कळण्यास अनेक वर्षे लागतात ते त्याच्या ठायी वर्षा-दोन वर्षांत कळते. २००५ साली टाशा नावाच्या बॉक्सर जातीच्या एका कुत्रीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ही तुलना अधिक नेमकी झाली.

यातून निष्पन्न काय झाले? पूर्वी या रोगात मुलाचा पाय कापण्यावाचून गत्यंतर नसे. आणि पाय कापूनही पाचांतील चार मुले दगावत. १९७० नंतर केमोथेरपी आली व पुष्कळ मुले वाचू लागली. मग प्रश्न आला, जीव वाचतो तर पाय का वाचू नये? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठात स्टीफन विथ्रो या पशुवैद्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात रोगी कुत्र्यांचे सडलेले हाड तेवढे काढून, त्या जागी दुसरे हाड बसवून पाय वाचविण्याची शस्त्रक्रिया परिपक्व केली. माणसांचे शल्यविशारद शेजारीच होते; त्यांच्याशी विचारविनिमय चाले, आणि कुत्र्यांपासून मिळालेला अनुभव मुलांच्या कामी आला.

याच कामात एक विलक्षण गोष्ट दिसून आली. शस्त्रक्रियेनंतर ज्या कुत्र्यांच्या जखमेत जंतू शिरले, ती इतरांहून अधिक दिवस जगली! जंतूंशी लढण्यास उठलेले शरीर कर्करोगाशीही लढू लागले असावे, असा तर्क निघाला. हा तर्क सर्वस्वी नवा नव्हता. न्यूयॉर्कचे विल्यम कोली यांनी १८९१ पासून अशाच आशेने रोग्यांच्या अंगात जंतू टोचून पाहिले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ग्रेगरी मॅकइवेन या पशुवैद्यांनी जंतू टोचले नाहीत. जंतूच्या कवचातील एका द्रव्यासारखे द्रव्य स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून त्यांनी ते पाय काढलेल्या कुत्र्यांस दिले. १९८९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, औषध न मिळालेली कुत्री साधारणतः ७७ दिवस जगली, तर औषध मिळालेली २२२ दिवस. पुढे मुलांवर त्याची परीक्षा झाली, आणि २००९ साली मिफामुर्टाइड या नावाने युरोपात त्यास मान्यता मिळाली. अमेरिकेने मात्र ती दिली नाही; पुरावा पुरेसा आहे की नाही याविषयी विद्वानांत मतभेद राहिले.

अपयशही येथे वाया जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ साली या तौलनिक अभ्यासासाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाने सिरोलिमस नावाच्या औषधाची ३२४ कुत्र्यांत परीक्षा केली. आशा मोठी होती. परंतु २०२१ साली निष्कर्ष आला की नेहमीच्या उपचारास या औषधाची जोड देऊन काही लाभ होत नाही. अर्थात कुत्रा म्हणजे मूल नव्हे. त्यास हा रोग बहुधा उतारवयात होतो, मुलास उमलत्या वयात. म्हणून कुत्र्याचे उत्तर हे मुलाचे उत्तर नव्हे, पण पुढे कोणत्या वाटेने जावे याची खूण मात्र त्यातून मिळते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. अशा परीक्षांत कोणत्याही कुत्र्यास मुद्दाम रोग देत नाहीत. रोग झालेलेच कुत्रे घेतात. धन्यास सर्व समजावून सांगतात, त्याची लेखी संमती घेतात, आणि त्यास वाटेल तेव्हा तो आपला कुत्रा परत नेऊ शकतो. तरीही कुत्र्यास कोणी विचारत नाही. कारण विचारता येतच नाही. म्हणून आमच्या मते सही करणाराचे ओझे दुप्पट आहे. यापासून जगास काय मिळेल हा दुसरा प्रश्न. माझ्यावर विसंबलेल्या या मुक्या प्राण्यास काय मिळेल, हा पहिला. दुसऱ्यासाठी पहिला सोडला, तर तो विश्वासघात होय. मोतीच्या कागदावर आम्ही सही केली ती घाईने केली. वेदना थांबतील एवढेच आम्हांस ठाऊक होते, आणि त्या थांबल्या. परंतु आज विचाराल तर आम्ही म्हणू, सही करण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसावयास हवे होते.

फेब्रुवारीत इयत्ता आठवीतील एक मुलगा गुडघा दुखतो म्हणून कवायतीस सुटी मागू लागला. मागील वर्षी आम्ही त्यास सबब म्हटले असते. या वेळी विचारले, तेव्हा दुखणे महिन्याचे असून रात्री झोपमोड होते असे कळले. आम्ही त्याच्या आईस बोलावून एक्स-रे काढण्यास सांगितले. हाड स्वच्छ निघाले. ती माउली म्हणाली, "सर, एका दिवसाची मजुरी बुडाली हो माझी." आम्ही क्षमा मागितली, परंतु मनातून आम्हांस खंत नव्हती. पालकांनी भिऊ नये; मुलांचे बहुतेक दुखणे साधेच असते. मात्र हाडाचे दुखणे आठवड्यांमागून आठवडे राहिले, रात्री जागवू लागले, किंवा तेथे गाठ दिसली, तर लेपावर विसंबून राहू नये.

आणखी एक गोष्ट. आमचा मुलगा डॉक्टर व्हावा असे सांगणारे पालक आम्हांस दर वर्षी भेटतात. गुरांचा डॉक्टर व्हावा असे सांगणारे अद्याप भेटले नाहीत. मुंबईत परळ भागात १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच परळात १९४१ साली उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय आहे, जेथे देशभरातून कर्करोगाचे रोगी येतात. एका दारी मुकी जनावरे येतात, दुसऱ्या दारी माणसे. आणि काही रोग दोन्ही दारांनी येतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी यांतील पहिल्या दाराने शिकावयास गेला, तर मोतीच्या कडुनिंबाखाली उभे राहून आम्ही ते मोठ्या आनंदाने त्यास सांगू.